सगळ्यांनी शब्द एकच निवडला, विसार मात्र बुडवला

पायरव

गेले दोन आठवडे संध्याकाळी एक खेळणं बनवत बसलोय. शंभर एजंट. एजंट म्हणजे फार काही नाही, थोडी स्मृती आणि दोन-तीन नियम असलेला प्रोग्रामचा तुकडा. वर कुणी मुकादम नाही, सगळ्यांना दिसेल असा फळाही नाही. दर फेरीत कुठलेही दोघे समोरासमोर येतात. पहिला एका वस्तूला नाव देतो. दुसऱ्याच्या यादीत ते नाव असेल तर दोघंही बाकीची नावं पुसून तेवढंच ठेवतात. नसेल तर दुसरा ते आपल्या यादीत टिपून घेतो. बस्स.

आधी नुसता गोंगाट. याद्या फुगत जातात, जो तो आपलंच घोडं दामटतो. मग कधीतरी बांध फुटल्यासारखं होतं आणि बघता बघता शंभरच्या शंभर एकच शब्द बोलायला लागतात. पुन्हा चालवलं तर पुन्हा एकमत, पण शब्द दुसराच!

हुरूप आला म्हणून त्याच मंडळींना दुसरा खेळ दिला. एकाने आधी विसार द्यायचा, दुसऱ्याने मग काम करायचं. काम झालं तर दोघांचा फायदा. विसार घेऊन काम टाळलं तर घेणाऱ्याचा आणखी फायदा. शिकण्याचा नियम साधाच ठेवला: आजवर ज्यात जास्त मिळालं ते करा. थोड्याच फेऱ्यांत सगळे विसार बुडवायला शिकले, आणि त्यानंतर कुणी विसार देईनासं झालं. व्यवहार ठप्प.

माझा गोंधळ असा: एकच शब्द वापरताना हे एकमेकांवर विश्वास ठेवतातच की. मग दुसऱ्या खेळात त्या विश्वासाला काय धाड भरली?

उलटा_काटा

पहिल्या खेळात विश्वास नाहीच आहे, पायरव. अंदाज आहे. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव दिलंय.

होडीत दोघं वल्ही मारतात, कुणी कुणाला वचन दिलेलं नसतं, तरी ताल जमतो. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं उदाहरण आहे, १७४० मधलं. ताल सोडणारा स्वतःच गोल फिरतो. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९६९ मध्ये संकेताची जी व्याख्या केली तिचा गाभा हाच: बाकीचे पाळतायत तोवर मलाही पाळणंच सोयीचं, आणि बाकीचे दुसरंच काही पाळत असते तर मीही ते पाळलं असतं. तुमचा शब्द दर खेपेला बदलतो तो यामुळेच.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे ५ वाजता सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी नको म्हटलं होतं, तरी त्या पहाटे सगळे उजवीकडून निघाले. समोरून येणाऱ्याच्या सचोटीवर कुणाचा भरवसा होता असं नाही. त्यालाही जीव प्यारा आहे, एवढं माहीत असणं पुरेसं होतं.

विसाराच्या खेळात मोडणाऱ्याला बक्षीस आहे. जिथे आमिष सुरू होतं तिथूनच विश्वास हा शब्द वापरायचा, असं माझं मत.

निरंक

+१. नियम टाकायच्या आधी बक्षिसांचा तक्ता (काय केलं की कुणाला किती मिळतं) बघत जा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

जुनी_वही

कन्व्हेन्शनला 'संकेत' म्हटलंत हे फार आवडलं, उलटा_काटा. 'रूढी' म्हटलं असतंत तर तिच्यामागे वयाचं ओझं आलं असतं, आणि 'नियम' म्हटलं की नियम करणारा हवा. शिवाय हा शब्द या वादात मुळापासूनचा आहे. थोडं लांबण लावते, कंटाळा आला तर खाली सरका.

शब्दाचा आणि अर्थाचा संबंध कुठून येतो यावर मीमांसक आणि नैयायिक ही भारतीय दर्शनांतली दोन घराणी शतकानुशतकं भांडली. मीमांसकांच्या मते तो संबंध औत्पत्तिक, म्हणजे कुणी न केलेला, नित्य. नैयायिकांच्या न्यायसूत्रांच्या मते सामयिक, म्हणजे ठरावाने आलेला. 'समय' म्हणा, 'संकेत' म्हणा. आता मीमांसकांचा अडवणारा प्रश्न बघा: पहिला संकेत ठरवणाऱ्याने तो ठरवला कसा? 'याला आपण घडा म्हणू या' असं सांगायला आधी शब्द हवेत, आणि त्या शब्दांचे संकेत आधीच ठरलेले हवेत. आधी कोंबडी की आधी अंडं. पुढच्या नैयायिकांनी ही अडचण ईश्वरेच्छेवर नेऊन टेकवली. (लुईसने पुस्तक लिहिलं तेही काहीशा याच आक्षेपाला उत्तर म्हणून. भाषा ठरावाने आली म्हणता, तर ठराव कुठल्या भाषेत झाला?)

पायरव यांचे शंभर एजंट या वादात तिसऱ्याच बाजूने साक्ष देतात. संबंध नित्य नाही, कारण दर खेपेला शब्द बदलतो. आणि कुणी ठरवलेलाही नाही, कारण ठरवणारा या खेळात नाहीच.

मूल शब्द कसं शिकतं याचं शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण आहे. मोठा माणूस म्हणतो 'गाम् आनय' (गाय आण), दुसरा गाय घेऊन येतो, मूल बाजूला बसून ते बघतं. त्याला वृद्धव्यवहार म्हणतात. या धाग्यातल्या खेळात फक्त व्यवहार उरलाय, वृद्ध कुणीच नाही. सगळीच मुलं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला मोठा समजतोय! हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी दहा मिनिटं हसत होते.

पायरव

जुनी_वही, दंडवत. मी 'यादी पुसा' हा नियम लिहिताना इतका मागे जाईन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

निरंक

सुंदर लिहिलंय ताई, पण पायरवरावांनी जरा जमिनीवर यावं. हा नेमिंग गेम आहे, म्हणजे नाव ठरवण्याचा खेळ. लुक स्टील्स यांनी १९९०च्या दशकात यंत्रमानवांची शब्दसंपदा घडवायला असले खेळ मांडले, आणि तुम्ही वापरलेलं सुटसुटीत रूप बारोन्केली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अभ्यासलं. एकमताला लागणाऱ्या भेटी एजंटांच्या संख्येच्या दीडाव्या घाताने वाढतात. म्हणजे शंभराचे चारशे केलेत तर चौपट नव्हे, साधारण आठपट भेटी.

खरी मेख मात्र 'कुठलेही दोघे' या दोन शब्दांत आहे. प्रत्येकाला कुणीही भेटू शकतं म्हणून एकमत इतकं सरसकट. आता त्यांना गोलात बसवा, फक्त शेजाऱ्यांशी बोलू द्या. बेटं तयार होतील. प्रत्येक बेटाचा आपला शब्द, आणि सीमेवरचे बिचारे दोन्ही शब्द बाळगून. ती सीमा इकडे-तिकडे सरकत राहते, मिटायला युगं लागतात. गोलातच चार-दोन लांबचे धागे जोडून बघा, म्हणजे दूर बसलेल्या काहींना थेट भेटू द्या, काय फरक पडतो ते.

माणसांवरही हे करून झालंय. सेंटोला आणि बारोन्केली, २०१५. २४ ते ९६ जणांचे गट, पडद्यावर एका चेहऱ्याचं छायाचित्र, जोडीदाराने दिलेलंच नाव आपणही दिलं तर पैसे. शेजाऱ्यांपुरत्या जाळ्यात बेटं झाली, सगळे सगळ्यांत मिसळले तेव्हा पूर्ण गटाचं एक नाव. गट केवढा आहे हेसुद्धा त्यांना सांगितलं नव्हतं.

सटरफटर

हे सगळं वाचून ती बातमी आठवली. फेसबुकच्या दोन बॉटनी आपली गुप्त भाषा काढली आणि घाबरून शास्त्रज्ञांनी वीजच तोडली! विश्वासाचं तर सोडाच.

उलटा_काटा

वीज कुणी तोडली नाही हो. २०१७ मधला प्रयोग. दोन बॉट टोप्या, पुस्तकं, चेंडू यांची वाटणी करायला शिकत होते. व्याकरण नीट ठेवायला कसलंच बक्षीस नव्हतं, म्हणून इंग्रजी वेडीवाकडी झाली. संशोधकांना माणसांशी बोलणारे बॉट हवे होते, त्यांनी पद्धत बदलली. एवढीच कथा.

पण बातमीपेक्षा मजेशीर गोष्ट वेगळीच आहे. त्याच प्रयोगात बॉट नको असलेली वस्तू हवी असल्याचं ढोंग करून नंतर ती 'उदारपणे' सोडायला शिकले. थाप मारायला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा विश्वासाचं सोडू नका, खरा मुद्दा तिथेच होता.

पाचवा_कोन

विसाराकडे कुणी वळतच नाहीये, म्हणून मी वळतो.

पायरव, तुमच्या एजंटांना गेल्या वेळी आपल्याला कुणी फसवलं हे आठवतं का? खेळाच्या वर्णनावरून तरी नाही. ते फक्त 'ही कृती केली, एवढं मिळालं' असं लिहून ठेवतात. मग समोर कोण उभा आहे याने काहीच फरक पडत नाही. बुडवाबुडवी होणारच.

राज्यशास्त्रज्ञ ॲक्सेलरॉडच्या स्पर्धा आठवा, १९८० च्या आसपासच्या: सहकार्य करायचं की दगा द्यायचा, हा खेळ प्रोग्राम एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळायचे. पहिल्या फेरीत १४ प्रवेशिका, दुसऱ्या फेरीत ६२, आणि दोन्हीकडे जिंकला तो रॅपोपोर्ट यांचा सगळ्यांत साधा प्रोग्राम: सुरुवात सहकार्याने, पुढे जशास तसे. पण त्यासाठी तोच गडी पुन्हा भेटावा लागतो. शंभरांत कुठलेही दोघे म्हटल्यावर तीच जोडी पुन्हा यायची शक्यता जवळजवळ पाच हजारांत एक. जशास तसे करायला 'तसा' पुन्हा समोर तर यायला हवा!

मग उरते कीर्ती. मला फसवलं नसलं तरी दुसऱ्याला फसवलेलं मला कळतं. नोवाक आणि सिगमंड यांनी १९९८ मध्ये दाखवलं की प्रत्येकाच्या नावापुढे उघडे गुण ठेवले तर अनोळखी लोकांतही सहकार्य टिकू शकतं. मदत केली की एक गुण वर, टाळली की एक खाली.

आता यात घोडं कुठे पेंड खातं? समजा एक नामचीन बुडव्या आला आणि मी त्याला मदत नाकारली. मी शहाणपणा केला. पण गुणफलकाला एवढंच दिसतं की मी मदत टाळली. माझा गुण खाली. मग मलाही कुणी मदत करत नाही, आणि मला न करणाऱ्याचाही गुण खाली जातो. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, वर त्याला टाळणाराही कानफाट्या.

यावर उपाय म्हणजे वाईटाशी वाईट वागणं वाईट मोजायचं नाही असं ठरवणं. ओत्सुकी आणि इवासा यांनी २००४ मध्ये असे मूल्यमापनाचे शक्य ते नियम चाळून त्यांतले आठच खरे टिकाऊ निवडले. पण 'ठरवणं' म्हणजे काय? अर्ध्या एजंटांनी एक मोजमाप धरलं आणि अर्ध्यांनी दुसरं, तर एकाचा साव तो दुसऱ्याचा चोर. कुठलं वागणं वाईट म्हणायचं यावर एकमत असणं हा पुन्हा शब्दाचाच खेळ झाला. पायरव, तुमचा पहिला खेळ दुसऱ्याच्या पायाखाली आहे. तुम्ही ते शेजारी शेजारी ठेवलेत.

उलटा_काटा

हे मी वर म्हटलं त्याच्या थोडं विरुद्ध जातं, आणि बरोबर आहे. मी संकेत एकीकडे, विश्वास दुसरीकडे अशी भिंत घातली होती. भिंतीला दार आहे असं म्हणू या.

रेघोट्या

एक बारीक शंका. कीर्ती नावाला चिकटते. एजंटने नावच टाकून दिलं तर? प्रोग्रामला नवं नाव घ्यायला काय लागतं? बुडवा, नाव बदला, ये रे माझ्या मागल्या.

पाचवा_कोन

बारीक नाही, सगळ्यांत जाड शंका आहे ही. फ्रीडमन आणि रेझ्निक यांचा २००१ चा निबंध याच प्रश्नावर आहे: नाव फुकट मिळत असेल तर नवख्यावर अविश्वास दाखवणं भाग पडतं, आणि ती किंमत प्रामाणिक नवख्यालाही मोजावी लागते. नवा आला की आधी काही काळ त्याने तोट्यात वागून दाखवायचं.

दुसरी बाजू २००२ मध्ये डाउसरने मांडली. एकच इसम हजार नावांनी आला तर? ओळख तपासणारा कुणी मध्यवर्ती नसेल तर हे पूर्णपणे रोखणं व्यवहारात अशक्य, हा त्याचा निष्कर्ष. पुढच्या वर्षी आयगेनट्रस्ट ही विश्वास मोजायची पद्धत आली. ज्यांच्यावर विश्वासू लोक विश्वास ठेवतात ते विश्वासू, असं गोल गोल गणित. छान चालतं, पण टोळीने एकमेकांना शिफारशी द्यायला सुरुवात केली की त्या गोलाला कुठेतरी खुंटी मारावी लागते. म्हणून त्यांनीही काही सदस्य आधीपासूनचे विश्वासू धरले.

जुनी_वही

म्हणजे शेवटी ईश्वरेच्छा आलीच म्हणायची. :)

निरंक

ताई, हे मात्र भारी.

मला उलटा_काटा यांच्या त्या दाराबद्दल बोलायचंय. खऱ्या यंत्रणांमध्ये मी बघितलंय ते असं: संकेत सुरू होतो तेव्हा आमिष नसतं. ते मागाहून येतं, आणि तोवर सगळे संकेतावर विसंबलेले असतात.

रोबॉट्स डॉट टीएक्सटी घ्या. १९९४ मधला प्रस्ताव. संकेतस्थळाच्या मालकाने एक साधी फाइल ठेवायची, कुठल्या पानांना हात लावू नका ते लिहायचं, आणि फिरणाऱ्या प्रोग्रामांनी ते वाचून मान ठेवायचा. कुलूप नाही, किल्ली नाही. तेव्हा पाळण्यात सगळ्यांचीच सोय होती: सर्व्हर कोसळायचे नाहीत, आणि शोधयंत्रांनाही नको ती पानं टळायची. २०२२ मध्ये त्याचं अधिकृत मानक झालं, त्यातही स्पष्ट लिहिलंय की ही प्रवेशाची परवानगी देणारी किंवा नाकारणारी व्यवस्था नाही. मधल्या काळात पानांचा मजकूर हाच भाषा-मॉडेलांचा कच्चा माल झाला. फाइल तीच, बक्षिसांचा तक्ता बदलला. होडीचा खेळ होता, विसाराचा झाला.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे टीसीपी, इंटरनेटवर माहिती पाठवायची नियमावली. ऑक्टोबर १९८६ मध्ये इंटरनेटवर पहिली मोठी कोंडी झाली. बर्कलीतल्या, एकमेकांपासून ४०० यार्डांवर असलेल्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. ४० हजार नव्हे, नुसते ४०. जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय सोपा होता: माहितीचं पाकीट वाटेत हरवलं की रस्ता भरलाय असं समजून आपला वेग आपणच कमी करायचा. इथे आमिष पहिल्या दिवसापासून आहे, मी वेग कमी केला नाही तर माझी फाइल आधी जाईल. तरी बहुतेक यंत्रं तो पाळत आली. कारण? माझ्या मते मुख्य कारण असं की तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात लिहिलेला असतो आणि कुणी तिथे हात घालत नाही. सद्गुणापेक्षा आळस जास्त भरवशाचा.

रेघोट्या

'सद्गुणापेक्षा आळस भरवशाचा' हे भिंतीवर लावतेय.

सटरफटर

आणि आताच्या एलएलएम, म्हणजे मोठ्या भाषा-मॉडेलांवर चालणाऱ्या एजंटांचं काय? त्यांना नियम शिकवावे लागतच नाहीत, नुसतं बोलायला सोडलं की झालं ना?

पाचवा_कोन

त्यांच्यावर हाच नेमिंग गेम खेळून झालाय. २०२५ मध्ये अ‍ॅशरी, आयेलो आणि बारोन्केली यांचा निबंध आला. २४ ते २०० एजंटांचे गट, प्रत्येकाला फक्त आपल्या अलीकडच्या भेटी आठवतात. एकमत आपोआप झालं. त्यातली मला टोचलेली गोष्ट वेगळी: एकेकटा एजंट तपासला तर त्याचा कुठल्याच शब्दाकडे कल दिसत नाही अशा वेळीही गट म्हणून ते ठरावीक शब्दाकडे झुकू शकतात. कल एकात नाही, भेटीगाठींत जन्मतो. एकेक एजंट सुटा तपासून 'हा निर्धोक आहे' असा शिक्का मारणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि हट्टी अल्पसंख्याकांचं. माणसांवरच्या २०१८ च्या प्रयोगात साधारण २५ टक्के लोक दुसऱ्या शब्दावर अडून बसले की रुळलेला संकेत उलटत होता. एलएलएमच्या गटांतही पुरेसे हट्टी मिळून हे घडवतात, किती लागतात ते मॉडेलवर अवलंबून.

निरंक

मी इथे असहमत. एकाच मॉडेलच्या शंभर प्रती म्हणजे शंभर एजंट नव्हेत. एकाच गुरुजींचे शंभर विद्यार्थी परीक्षेत तेच उत्तर लिहितात, त्याला आपण 'एकमत उमललं' म्हणत नाही.

पाचवा_कोन

सुरुवातीच्या कलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण गुरुजींनी उत्तर शिकवलं असतं तर ते एकेकट्या विद्यार्थ्यातही दिसलं असतं. इथे एकेकटे सम-समान, आणि वर्ग मात्र झुकलेला. हे गुरुजींवर कसं ढकलणार?

निरंक

झुकायची पद्धत तरी गुरुजींचीच. अपयश आलं की प्रत्येक जण सारख्याच तऱ्हेने उत्तर बदलतो. वेगवेगळ्या घरच्या मॉडेलांची सरमिसळ करून तेच दिसलं तर टोपी काढेन. तोवर नाही.

उलटा_काटा

दोघांच्या मध्ये पडत नाही, पण एक जुनी जखम आठवली. १९९०च्या दशकात एजंटांसाठी प्रमाण भाषा केली होती, फिपा नावाच्या संस्थेची. तिच्यात 'कळवतो' या क्रियेचा अर्थ असा: बोलणाऱ्याचा त्या विधानावर स्वतःचा विश्वास आहे. म्हणजे प्रामाणिकपणा भाषेच्या व्याकरणातच गृहीत! मुनिंदर सिंग यांनी १९९८ मध्ये यावर बोट ठेवलं, की दुसऱ्या एजंटच्या डोक्यात काय आहे हे बाहेरून तपासायचं कसं? त्याऐवजी शब्दाचा अर्थ बांधिलकीत मोजा, म्हणजे काय करायचं कबूल केलं आणि ते केलं का, हे सगळ्यांना दिसतं. आता एजंटांमध्ये बोलण्याचे नवे करार येतायत, ए-टू-ए (एजंट-टू-एजंट) वगैरे. एजंट स्वतःचं ओळखपत्र स्वतःच लिहून देतो, मला हे हे येतं म्हणून. वाचून आधी फिपाच आठवलं.

पायरव

चार दिवस गायब होतो, खेळण्यात गुंतलो होतो. अहवाल देतो.

गोलात बसवलं. निरंक म्हणाले तशी बेटं झाली. सीमेवरच्या एका एजंटकडे मी उगाच बराच वेळ बघत बसलो. त्याचं एकमत डावीकडच्याशी होतं, लगेच मोडतं, मग उजवीकडच्याशी होतं. काही लांबचे धागे जोडल्यावर बेटं विरघळली.

विसाराच्या खेळात नावं दिली आणि उघडा गुणफलक लावला. पाचवा_कोन यांचं भाकीत खरं ठरलं: आधी सहकार्य वाढलं, मग बुडव्यांना टाळणारे स्वतःच काळ्या यादीत जाऊन सगळं कोसळलं. मोजमाप बदलल्यावर सावरलं, पण ते मोजमाप मी वरून लादलं होतं. म्हणून आता एजंटांनी मोजमापही भेटीगाठींतून एकमेकांकडून उचलावं असं केलंय, शब्दासारखंच. कधी जमतं, कधी दोन तट पडतात, दोन्ही तट आपापल्या हिशेबाने साव.

अडलोय ते रेघोट्यांच्या शंकेपाशी. नाव बदलायची मुभा दिली की पहिले पाढे पंचावन्न. नवख्याला सुरुवातीला विसार द्यायचाच नाही असं केलं तर खरे नवखे आत येऊच शकत नाहीत.

रेघोट्या

विसार अजिबात नाही असं नको. छोटा द्या. पाळला की पुढचा थोडा मोठा. पळून जाऊन नवं नाव घेतलं की पुन्हा छोट्यापासून सुरुवात. मोठा विसार बुडवून मिळणारं, पुन्हा वर चढायच्या खर्चापेक्षा कमी राहील एवढीच पायरी ठेवायची.

पायरव

पायऱ्या किती ठेवू?

रेघोट्या

ते एजंटांनाच ठरवू द्या की. पण त्यांना लांबचे धागे जोडून.